तीन पंचवीसची तार

चार वाजून पाच मिनिटांनी मी पोस्टाची पायरी चढलो. हातातल्या तारेच्या फॉर्मवर वेळ लिहिली होती तीन पंचवीस. या मधल्या चाळीस मिनिटांबद्दल मी बावीस वर्षं कुणाशी बोललो नाही. बोलायला बसलोच तर दुसरंच काहीतरी बोलून उठायचो. आताही आधी थोडं इकडचं तिकडचं होईल, पण त्या चाळीस मिनिटांपर्यंत जायचंच असं ठरवून बसलो आहे.

तेव्हा जालना तालुका होता, जिल्हा व्हायचा होता. आमचं गाव जालन्याच्या पूर्वेला, मंठ्याच्या रस्त्यावर. मी तिथल्या शाळेत मास्तर. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात काटेरी कुंपणाच्या आत चार पायांवर एक पांढरी पेटी उभी होती. तिच्या भिंती तिरप्या फळ्यांच्या, हवा जावी पण ऊन जाऊ नये अशा. आत थर्मामीटर. शेजारी पाऊस मोजायचं नळकांडं आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. दिवसातून दोनदा हे सगळं वाचून मी रजिस्टरात लिहायचो, मग त्याचे पाच-पाच आकड्यांचे गट करायचो, आणि ते गट तारेनं हवामान खात्याच्या वरच्या कचेरीला जायचे.

शिवाय एक जादा काम होतं. वादळी ढग दिसला की दिसल्याक्षणी अर्जंट तार, थेट विमानतळाला. विमानतळ आमच्या पश्चिमेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. उन्हाळ्यातली वादळं बहुतेक आमच्या अंगावरून तिकडं जायची, तासा-दीड तासात पोचायची. विमानतळाला जे पाचला दिसणार ते मला साडेतीनला दिसायचं. मला तिथं ठेवलं होतं ते एवढ्यासाठी.

आमच्या घराण्यातला मी पहिला पगारदार. छप्पन साली वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. मला पेटीची किल्ली मिळाली त्या आठवड्यात ते मुद्दाम शाळेत आले, कुंपणाबाहेर हात मागं बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याची चावी तुझ्यापाशी असती?"

"हो."

"मंग बराबर ठिव."

एवढंच बोलून गेले. बायको मात्र त्या पेटीला 'माझी सवत' म्हणायची. आमची राहायची खोली शाळेला लागूनच होती, आणि सणासुदीलासुद्धा ठरल्या वेळेला मी ताटावरून उठून पेटीकडं जायचो.

नेमणुकीच्या आधी आठ दिवस मला विमानतळावर शिकायला पाठवलं होतं. तिथं मी पहिल्यांदा विमानाला हात लावला. दोन पंख्यांचं, रोज दुपारी आमच्या गावावरून जाणारं तेच. खालून ते घारीएवढं दिसायचं. जवळून पाहिलं तर एसटीच्या दोन गाड्या एकीमागं एक लावल्यासारखं. तिथल्या एका मेकॅनिकनं त्याचं नाक उघडून दाखवलं. आत एक गोल तवा होता. तो डावी-उजवीकडं फिरतो, पुढं लहरी फेकतो, आणि पाऊस भरलेला ढग असेल तर पायलटसमोरच्या काचेवर त्याचा ठिपका उमटतो, असं त्यानं सांगितलं. जुन्या विमानांना हे नव्हतं, ती सरळ ढगात घुसायची. आता जेट निघालीत, ती ढगांच्या डोक्यावरूनच जातात, असंही म्हणाला.

मी विचारलं, "हा तवा बिघडला तर?"

"तर खाली माणूस आहे की," तो म्हणाला, आणि मिस्किल हसत माझ्याकडं बोट केलं.

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. परतताना एसटीत मी सगळ्या प्रवाशांकडं बघत होतो, यांना काही ठाऊक नाही, असं मनात म्हणत.

आता तारबाबू. गावचं पोस्ट एका भाड्याच्या घरात होतं, आणि पोस्टमास्तर, तारबाबू, तिकिटं विकणारा असा सगळा मिळून एकच माणूस. जालन्याचा मुसलमान, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बायकोला जालन्यात ठेवून गावात एकटा राहायचा. तार पाठवताना त्याचं बोट टकटक करत असायचं आणि तोंड गप्पा मारत असायचं. माझे आकड्यांचे गट बघून तो म्हणायचा, "मास्तर, हे ढगबिग सगळं बहाणा. तुमी मटक्याचा आकडा पाठवून राह्यले."

हे त्यानं बाजारात सांगितलं आणि बाजारानं मनावर घेतलं. दोन-चार जण खरंच पोस्टाच्या खिडकीशी रेंगाळून माझ्या फॉर्मवरचे आकडे वाचायला बघायचे. एकदा एकाचा आकडा लागला, तर तो मला पेढे घेऊन आला. बाबू पोट धरून हसला.

दुपारी तीननंतर बाबू टेबलावर डोकं टेकून डुलकी काढायचा. हे गावाला माहीत होतं. यंत्र वाजलं की तो झोपेतही सरळ उठून बसायचा, हेही माहीत होतं.

आता ते वर्ष. आणीबाणीचा दुसरा उन्हाळा. कचेऱ्यांतून वेळेवर येण्याची फर्मानं, भिंतींवर घोषणा. शेजारच्या गावच्या एका मास्तराला उशिरा आला म्हणून घरी बसवल्याची बातमी. ती खरी होती का कुणास ठाऊक, पण आम्ही सगळे घड्याळाकडं बघत जगत होतो.

मेच्या सुरुवातीला एके दुपारी मी पूर्वेला एक ढग पाहिला आणि सायकल हाणत जाऊन अर्जंट तार दिली. पण तो ढग अर्ध्या तासात विरून गेला. एक थेंब नाही. त्या तारेमुळं ते दुपारचं विमान जिथून निघायचं त्या पूर्वेकडच्या विमानतळावर तासभर अडवून धरलं होतं. आठवड्यानं वरच्या कचेरीतून मला कागद आला: निष्कारण अर्जंट तार का दिली, याचा खुलासा करावा. त्या वर्षी 'खुलासा' हा शब्द वाचला की माणसाला घाम फुटायचा. मी सात मसुदे फाडून आठवा पाठवला.

बाबूनं तोवर बाजारात सांगून टाकलं होतं, "मास्तरच्या ढगाला डोहाळे लागल्ते, पण बाळंतपण काही झालं न्हाई." पानवाल्याच्या टपरीशी गेलो की लोक विचारायचे, "मास्तर, पाळणा कवा?" बाबूच्या मनात काही नव्हतं; तो कलेक्टरचीही तशीच मस्करी करायचा. पण मला ते लागलं. आमच्या वस्तीतल्या पोराच्या हातात सरकारी किल्ली गेली हे काहींना तसंही बघवत नव्हतं. त्यांच्या हसण्यात मला दुसरं काही ऐकू यायचं. ते होतंच, का मी ऐकत होतो, ते आज सांगता येत नाही.

मग तो दिवस आला. सुटीचे दिवस होते, शाळा रिकामी. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी मी पेटीजवळ गेलो तेव्हा ईशान्येला ढग दिसला. खालून काळा, वर पांढरा, आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरट. शिकवताना आम्हाला ह्याच आकाराचं चित्र दाखवलं होतं. ऐरण दिसली की थांबायचं नाही.

मी काय केलं, तर आधी रजिस्टर उघडलं. मास्तरकीची सवय. आमच्यात आधी रजिस्टर, मग काम. पोरं वर्गात आली नसली तरी हजेरी भरलेली पाहिजे, इन्स्पेक्शनला कागद कोरा दिसता कामा नये. मी शाईनं लिहिलं: तीन पंचवीस, ईशान्येस वादळी ढग. आमच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नव्हती. मग तारेचा फॉर्म भरला, त्यावरही तीन पंचवीस घातलं. फॉर्म खिशात घातला, सायकलीला हात लावला, आणि थांबलो.

खरंच येईल का?

तेवढंच मनात आलं. बाबू फॉर्म बघून म्हणेल, झालं का पुन्हा पोटुशी? विमान पुन्हा अडेल. पुन्हा खुलासा. या वेळी नुसत्या खुलाशावर भागणार नाही. मी स्वतःला म्हणालो, पाच मिनिटं बघू. खात्री करू आणि मग जाऊ. आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसलो.

किती लांबचं दिसतं ते मोजायला आमच्या काही खुणा ठरलेल्या होत्या: गावाबाहेरचं वडाचं झाड, त्यापलीकडं कापसाच्या जिनाची चिमणी, सगळ्यांत लांब बिरोबाची टेकडी. मी टेकडीवर डोळा ठेवून बसलो. ती दिसत होती. वारा पडला होता, लिंबाचं पान हलत नव्हतं. पाच मिनिटांची दहा झाली. ढग वाढला असं एकदा वाटायचं, आणि नाही असंही वाटायचं. विमान पलीकडून अजून निघालंही नसेल, असा हिशोब करत होतो. म्हणजे आता तार दिली तर त्याला तिथंच थांबवता येईल, हे मला माहीत होतं. माहीत असून बसलो. भीतीनं माणूस पळतो असं म्हणतात. मी भीतीनं बसून राहिलो.

मग टेकडी दिसेनाशी झाली. तिच्या जागी तांबूस भिंत होती. मी उभा राहिलो तोवर चिमणी गेली. ईशान्येकडून पहिला गडगडाट आला, तो कानानं नाही, पायऱ्यांच्या दगडातून जाणवला. तेव्हा मी सायकलवर बसलो.

पोस्टात शिरलो तर भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. बाबू टेबलावर हातांवर डोकं ठेवून झोपला होता. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मला सगळं एकदम दिसलं. रजिस्टरात शाईनं तीन पंचवीस. हातात फॉर्म, तीन पंचवीस. उद्या कुणी विचारलं, मास्तर, शाळेपासून पोस्ट दोन फर्लांग, चाळीस मिनिटं कुठं होतात? विमानाचा विचार त्या क्षणी माझ्या मनात नव्हता. लिहायला जड जातं, पण नव्हता.

बाबूच्या कोपराशी काचेचा पेपरवेट होता. मी फॉर्म हळूच त्याच्याखाली सारला. दोन पावलं मागं दाराशी आलो आणि तिथून मोठ्यानं म्हणालो, "बाबू, माझी तार गेली ना?"

तो दचकून उठला. "कोन्ची तार?"

"ती काय, पेपरवेटखाली."

त्यानं फॉर्म उचलला, वर 'अर्जंट' वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत त्याचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. "कवा ठेवली मास्तर?"

"साडेतीनला. तुम्ही मान हलवली की."

"मी मान हलवली?"

"हलवली."

मला वाटलं होतं, तो वेळेच्या रकान्यात चार वाजल्याचं काहीतरी टाकील आणि स्वतःला वाचवील. आम्ही सगळे तेच करायचो. त्यानं फॉर्मवर लिहिलं: मिळाल्याची वेळ साडेतीन. पाठवल्याची वेळ चार दहा. माझं खोटं त्यानं खऱ्यासारखं लिहून घेतलं, स्वतःच्या अक्षरात, आणि खाली सही केली. मग यंत्रावर वाकला. त्या दिवशी गप्पा नव्हत्या, नुसतं बोट चालत होतं. मध्येच विजेनं तार खरखरायची, पलीकडचा 'पुन्हा पाठवा' म्हणायचा, हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. बाहेर धूळ आली, दार आपटलं, दिवस मावळल्यासारखं झालं.

तार जालन्याला पोचली, पण पुढची लाइन पडली होती. "जालन्यात अडकली," बाबू म्हणाला आणि तसाच यंत्रावर हात ठेवून बसला.

पावणेपाचला आम्ही दोघांनी तो आवाज ऐकला. विमान रोजच्या वेळेला आलं होतं. दिसत काही नव्हतं. दक्षिणेच्या अंगानं, ढगाच्या काठावरून, पश्चिमेकडं. बाबू दारात येऊन आभाळाकडं बघत राहिला. "या अल्ला," हळूच म्हणाला, "ह्याला काही कळालेलं न्हाई." आवाज लांब गेला, मग गडगडाटात ऐकू येईनासा झाला. मी भिंतीला टेकून उभा होतो. तळहात इतके ओले की भिंतीच्या चुन्यावर पंजा उमटला.

दिवेलागणीला पश्चिमेकडून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं बातमी आणली: विमान पडलं. चहाच्या हॉटेलात ती बातमी पोचेपर्यंत सगळे मेले होते. कुणी म्हणालं पन्नास, कुणी म्हणालं जळून कोळसा. मी घरी येऊन बसलो. बायकोनं भाकरी वाढली, ती तशीच राहिली. मी लोकांना मारलं, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, आणि त्याच्या मागोमाग दुसरं: कुणी पाहिलं तर नाही?

बायको चुलीकडं तोंड करूनच म्हणाली, "तुमी लई येळ पायरीवर बसल्ते आज."

मी ताट सारून उठलो. त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्यात त्यावर एक शब्द झालेला नाही, आणि असा एक दिवस गेला नाही की ती आता बोलेल अशी मला भीती वाटली नाही.

खरी हकिगत दुसऱ्या दिवशी कळली. विमान उतरत असताना वाऱ्याचा लोट आडवा आला, चाकं टेकल्यावर ते धावपट्टीवरून बाहेर फेकलं गेलं, पुढचं चाक मोडलं, नाक जमिनीत रुतलं. आग लागली नाही. मेलं कुणी नाही. बऱ्याच जणांना मार लागला, आणि प्रवाशांची व्यवस्था बघणाऱ्या मुलीच्या पाठीचा कणा मोडला. बावीस-तेवीस वर्षांची होती म्हणे. ती पुन्हा चालली का, हे मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. तू कोण म्हणून विचारतोस, असं कुणी म्हणालं असतं तर?

दहा दिवसांनी चौकशीला एक साहेब आले. पुण्याकडचे, पांढरा बुशशर्ट, आवाज मऊ. शाळेतल्या बाकावर बसले, मुख्याध्यापकांची खुर्ची नको म्हणाले. बाबूलाही बोलावून घेतलं होतं. त्यांनी पेटी पाहिली, रजिस्टर पाहिलं, फॉर्म पाहिला. मग म्हणाले, "गुरुजी, मोटेचा नाडा पाहिलाय ना तुम्ही? तीन पेडांचा असतो. एक पेड तुटला तरी मोट विहिरीत पडत नाही. विमानाचं तसंच आहे. त्याच्या नाकातलं ढग दाखवणारं यंत्र त्या दिवशी बंद होतं, हा एक पेड. विमानतळाच्या टॉवरला धुळीची भिंत दिसली तेव्हा विमान जमिनीपासून दोन मिनिटांवर होतं, हा दुसरा. तिसरा पेड इथला. मी कुणाला शिक्षा करायला आलेलो नाही. पेड नेमका कुठं तुटला ते मला कळलं पाहिजे. तुम्ही खरं सांगितलं नाहीत तर मी चुकीच्या जागी गाठ मारीन."

मी त्यांच्याकडं बघत होतो. इतकं सोपं करून मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात ते बाबूकडं वळले. "तुम्हाला तार किती वाजता मिळाली?"

बाबू उभा राहिला. "साहेब, लिव्हलंय त्यात. साडेतीन."

"आणि पाठवली चार दहाला?"

"हो."

"मधे?"

"मला झोप लागल्ती. मास्तर तार ठेवून गेले, मला बिलकुल याद न्हाई. पण ते सांगतात मी मान हलवली, मंग हलवली असंल." मग म्हणाला, "गलती माझी हाय. मास्तरची काही न्हाई."

साहेबांनी मला विचारलं, "असंच झालं?"

"हो," मी म्हणालो.

ते माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले, असं मला वाटलं. कदाचित नसतील. त्यांनी वही मिटली.

साहेब शिक्षा करणारे नव्हते, पण बाबूचं खातं वेगळं होतं आणि ते वर्षही वेगळं होतं. त्याची बढती गेली आणि नांदेडकडच्या एका कोपऱ्यातल्या गावात बदली झाली. जाताना तो शाळेत भेटायला आला. मस्करी नाही, काही नाही. म्हणाला, "मास्तर, माफ करा. तुमी टायमावर आल्ते. मी झोपलो."

मी त्याच्या हातात हात दिला. माझा हात थंड होता हे त्याला कळलं असणार.

साहेबांनी आपलं काम केलं. पोस्टात वेळ जातो, असं कागदावर दिसत होतं. म्हणून पोस्ट टाळायचं ठरलं. वर्षाच्या आत शाळेत टेलिफोन बसला. काळा, जड, वादळाच्या खबरेसाठी. गावानं त्याला हार घातला. माझ्या वडिलांनी येऊन तो कानाला लावून पाहिला. पुढच्या उन्हाळ्यात एके दुपारी पूर्वेला ढग उठला. मी फोन उचलला, आणि पुन्हा तेच: खरंच येईल का? हात हवेत, नजर टेकडीवर. दोनच मिनिटं गेली असतील, मग मी फोन लावला. पण त्या दोन मिनिटांत मला कळलं की तुटलेला पेड तसाच आहे आणि गाठ दुसरीकडंच बसली आहे. फोन नवा होता. उचलणारा मीच होतो.

त्यानंतर दोन वर्षं मी ते काम केलं. दुपारी विमानाचा आवाज आला की तो पश्चिमेकडं पूर्ण विरेपर्यंत मी जागचा हलायचो नाही. पोरांना वाटायचं मास्तरांना विमानाचं फार वेड. शेवटी तब्येतीचं कारण देऊन मी किल्ली दुसऱ्या मास्तराला दिली. थर्मामीटर कसे वाचायचे, आकडे कसे बसवायचे, सगळं शिकवलं. ढग दिसल्यावर मनात काय येतं आणि ते आलं की काय करायचं नाही, एवढं सोडून. ते सांगायचं तर कसं कळलं तेही सांगावं लागलं असतं.

यंदाच्या उन्हाळ्यात मी पन्नाशीला टेकलो. बाबू निवृत्त होऊन जुन्या जालन्यात राहतो असं समजलं होतं. वैशाखातल्या एका दुपारी मी त्याचं घर शोधत गेलो. तो ओट्यावर बसला होता. दाढी पांढरी, नजर अधू. मी हाक मारली, त्यानं आवाजावरून ओळखलं.

"मास्तर? या, या. आज ढगबिग काही?"

"बाबू, ह्या टायमाला झोपत नाही होय तुम्ही?"

"न्हाई. तवापासून दुपारी डोळा लागत न्हाई. जरा मिटला की वाटतं, पेपरवेटखाली काही राह्यलंय." हसला. "बायको म्हणायची, हे काय येड."

मी उभ्यानंच सांगितलं. पायरी, टेकडी, चार पाच, पेपरवेट. मधे थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो, म्हणून भरभर सांगितलं. तो ऐकत होता. मी संपवलं तेव्हा समोरच्या गल्लीतून एक टेम्पो गेला.

"म्हंजे मी मान हलवली नव्हती."

"नाही."

"तार तिथं नव्हतीच."

"नाही. मी आलो आणि तुम्हाला उठवलं. तुम्ही झोपला असाल पाच-दहा मिनिटं."

"यंत्र वाजलं असतं तर उठलो असतो."

"उठला असता."

त्यानं मान डोलावली, बराच वेळ. मग म्हणाला, "मला आता सांगून काय उपेग, मास्तर? तो साहेब विचारत व्हता तवा सांगायचं. माझ्यामुळं त्यांनी टेलिफून बसवला. तुमच्यासाठी काय बसवलं?"

तो साहेब कुठं आहे, आहे की नाही, ठाऊक नाही. हल्लीच्या विमानांत म्हणे यंत्रच आवाज करून पायलटला सांगतं, पुढं वाऱ्याचा लोट आहे, वर चढ. ते यंत्र लाजत नसणार. त्याची कुणी मस्करीही करत नसणार. चांगलं आहे. तरी कुठंतरी कुणीतरी माणूस बसलेला असतोच, आणि त्याच्या हातात एखादा फॉर्म असतो.

"लिवून काढा," बाबू म्हणाला. "बराबर टायम टाकून. कुणी तरी वाचंल."

मी खाली बसायला लागलो तर त्यानं हातानं थांबवलं. "आता जावा तुमी. रागावून न्हाई म्हणत. मी जरा पडतो."

तो भिंतीला धरून उठला, आत गेला. खाटेचा आवाज आला. मी ओट्याखाली चपला घालून उभा राहिलो. आतून घोरण्याचा आवाज येतो का, म्हणून कान लावला. पंखा होता, त्यामुळं कळलं नाही.

ढग दिसला तीन पंचवीसला. तार पोस्टात नेली चार वाजून पाच मिनिटांनी. मधली चाळीस मिनिटं मी पायरीवर बसून होतो.